सात खणांची ट्रॉली घ्यावी का?

(भोसरीच्या टूलरूममध्ये नोकरीची सगळी वर्षं काढलेले आमचे सल्लागार वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : बंगल्याच्या शेडमध्ये गाडीशेजारी सहा फूट भिंत रिकामी आहे. निवृत्तीनंतर स्कूटर, पंखे, मिक्सर यांची दुरुस्ती मीच करतो. हत्यारं सध्या तेलाच्या पत्र्याच्या डब्यात आणि दोन बादल्यांत आहेत. ऑनलाइन एक सात खणांची, चाकांची लाल ट्रॉली बघून ठेवली आहे. शिवाय कामाचं टेबलही हवंय. दोन्ही बारा हजारांत बसेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : बसवता येईल, पण त्या ट्रॉलीचा नाद सोडून.

लाल रंग आणि खणांची संख्या बघून पेटी घ्यायची नसते. पैसे दोनच ठिकाणी मुरतात : पत्र्यात आणि खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्यांत. पत्रा किती जाड आहे हे जाहिरातीत सहसा धड लिहिलेलं नसतं. वजन मात्र बहुतेक वेळा दिलेलं असतं. तेव्हा वजन बघा. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिमी जाड असतो आणि आठ बाय चार फुटांचा अख्खा पत्रा २१ किलोच्या आसपास भरतो. अडीच फूट रुंद, तितकीच उंच आणि दीड फूट खोल अशी सात खणांची पेटी बनवायला असे दोन पत्रे लागतात. म्हणजे चाकं आणि पट्ट्या धरून ती ४५ किलोच्या पुढे जायला हवी. त्याच मापाची पेटी वीस-बावीस किलोची लिहिली असेल, तर पत्रा निम्म्या जाडीचा आहे हे विक्रेत्याला न विचारताच कळलं. अशा पेटीच्या खणात गोटी पान्यांचा (सॉकेटचा) सेट ठेवला की तळ पोट सुटल्यासारखा खाली येतो आणि खालच्या खणाला घासतो.

दुकानात जाऊन बघणार असाल तर खण पूर्ण ओढा आणि पुढच्या कडेवर तळहाताने दाबा. छर्‍यांच्या टेलिस्कोपिक पट्ट्या असतील तर खण सरळ खाली-वर किंचित हलेल. नुसत्या वळवलेल्या पत्र्यावर सरकणारा असेल तर तिरका होऊन अडकेल. मग वरचे तीन खण एकदम उघडा. पेटी पुढे झुकली तर ती चाकांवर अजिबात घेऊ नका. चांगल्या पेट्यांत एका वेळी एकच खण उघडेल अशी कळ असते, पण ती तुमच्या बजेटात येणार नाही.

आता तुमच्या बारा हजारांचं. कुठलंही ऑफिस बंद झालं किंवा नवीन फर्निचर आलं की जुनी पोलादी टेबलं भंगारवाल्याकडे येतात. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद, एका बाजूला तीन खण. हे टेबल किलोच्या भावाने मागा, नगाच्या भावाने नाही. सातार्‍याच्या एमआयडीसीत दोन-तीन भंगारवाल्यांना सांगून ठेवलंत तर महिन्या-दोन महिन्यांत मिळून जाईल. एकाच वस्तूत तुमची पेटीही झाली आणि टेबलही.

त्याची एकच अडचण म्हणजे उंची. ते बसून लिहिण्यासाठी केलेलं असतं, ३० इंचांचं. उभं राहून काम करायचं तर हात सैल सोडून उभे राहा आणि मनगटाचं हाड जिथे येतं तिथे टेबलाचा माथा हवा. वेल्डरकडून चारही पायांना चौकोनी पाइपाचे तुकडे जोडून घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. माथ्यावर १९ मिमीची प्लायवुड दुहेरी चिकटवून बोल्टने आवळा. नुसत्या पत्र्यावर हातोडी मारली तर शेजारच्या बंगल्यातून फोन येईल.

व्हाइस, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा, चार इंची घ्या, घरच्या कामाला पुरतो. तो बसवायचा टेबलाच्या बरोबर पायावर, कोपर्‍यात. मध्यावर बसवला तर कानस मारताना अख्खं टेबल नाचतं. त्याची उंची मोजायची आयटीआयची जुनी रीत आहे : कोपर व्हाइसच्या जबड्यावर टेकवा, मूठ हनुवटीला लागली पाहिजे. तेवढ्यासाठी व्हाइसखाली लाकडाचा ठोकळा घालावा लागला तर घाला.

आणि खण. ऑफिसच्या टेबलाचे खण खोल असतात, त्यामुळे पाने एकावर एक रचले जातात आणि हवा तो पाना नेहमी तळाशी सापडतो. खणाच्या निम्म्या उंचीवर प्लायचा एक सरकता ट्रे टाका. वरच्या खणात पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मोजमापाची हत्यारं. मधल्यात पाने मापानुसार एका ओळीत. सगळ्यात खाली ड्रिल मशीन, हातोड्या आणि गोट्या. जड माल नेहमी खाली.

एवढं करून पैसे उरले तर रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात एक चक्कर मारा. घासून स्वच्छ केलेले जुने पाने तिथे मिळतात. तोंड पसरलेला पाना मात्र फुकट दिला तरी आणू नका, तो बोल्टच्या डोक्याचे कोपरे गोल करून ठेवतो.

प्रश्न : पावसाळ्यात पेटीतली सगळी हत्यारं गंजतात. पेटी बदलू का? खणांत फोम घातला आहे, सिलिका जेलच्या पुड्याही टाकल्या आहेत. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : पेटी बदलून काही होणार नाही. पहिल्यांदा तो फोम काढा, तो ओल धरून ठेवतो आणि हत्याराचा खालचा भाग आधी खातो. त्याजागी रबराची जाळीदार चटई टाका. पुड्या एकदा ओल पिऊन बसल्या की निरुपयोगी. त्याऐवजी सिलिका जेलचेच रंग बदलणारे सुटे मणी घ्या. ओलीने रंग बदलला की ओव्हनमध्ये सुकवून परत वापरता येतात. मात्र खण दिवसभर उघडा राहणार असेल तर सगळी खोली सुकवायला बसल्यासारखं होईल.

आता मला दोन गोष्टी कळवा. त्याच खोलीत संडास धुवायच्या अ‍ॅसिडची बाटली आहे का? आणि इन्व्हर्टरची बॅटरी? अ‍ॅसिडचं झाकण कितीही घट्ट लावा, वाफ निघतेच आणि त्या वाफेने दोन फुटांवरचं चकचकीत पोलाद आठवड्यात तांबूस होतं. बॅटरी चार्ज होताना तिच्यातूनही आम्लाचा अंश बाहेर पडतो. पंचवीस रुपयांची बाटली बाथरूममध्ये नेऊन ठेवली तर निम्मा गंज थांबेल, असा माझा अंदाज आहे.

काम संपलं की शिलाई मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा. हाताचा घाम पुसला जाणं महत्त्वाचं, तेल थबथबलं पाहिजे असं नाही. पूर्वी लोक कपाटात साधा पिवळा बल्ब लावून ठेवायचे. त्याची ऊब उपयोगी पडायची, एलईडीची पडत नाही. आणि २०२१ च्या जुलैमधला पूर तुम्ही पाहिला असेल, तर पेटी जमिनीवर कशाला? भिंतीत अँगल ठोकून वर चढवा. ड्रिल आणि मोजमापाची हत्यारं सगळ्यात वरच्या फळीवर.

प्रश्न : सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या जागेत छोटी पेटी ठेवली तर चालेल का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : पार्किंगची जागा गाडीसाठीच असते, आणि पेटी दिसली की शेजार्‍याचा सायकल स्टँड आणि त्याच्या शेजार्‍याच्या कुंड्याही येतील. कमिटीला ते नको असतं. दोन्ही बाजूंना उघडणारी, पाच कप्प्यांची पत्र्याची हातपेटी घ्या आणि गॅलरीत ठेवा. मात्र रिकाम्या पेटीचं वजन न बघता भरलेल्या पेटीचं बघा. सगळे कप्पे भरल्यावर ती लिफ्टपर्यंत उचलता आली नाही, तर हातोडी आणि मोठे पाने वेगळ्या कॅनव्हासच्या पिशवीत काढा.