पेटीशिवाय स्वर ओळखता येत नाहीत, भूप आणि देशकार हे राग सारखेच वाटतात. कान कसा तयार करू?

तुम्ही लिहिलंय की संगीताची मध्यमा परीक्षा पूर्ण झाली, स्वरलिपी समोर असली की बंदिश बिनचूक येते, पण कुणी शब्दांशिवाय नुसता 'आ' लावला की पेटी चाचपल्याशिवाय स्वर सांगता येत नाही. मी शिकवते तिथेही या टप्प्यावरचे बरेच विद्यार्थी इथेच अडकतात. पेटीवर शिकताना कुठला स्वर कुठे आहे हे बोटांना पाठ होतं आणि कानावर कुणी काही सोपवतच नाही.

काही आठवडे रियाजातून पेटी बाजूला ठेवा आणि तंबोरा लावून बसा. मोबाइलवरचा चालेल, फक्त खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची, तार स्वच्छ ऐकू यायला हवी. त्या तारेवर लक्ष धरून ठेवलंत तर थोड्या वेळाने तिच्यातूनच गंधार (ग) ऐकू येऊ लागतो. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. त्यात आपला गंधार मिसळून बघा. मग पेटीचा गंधार ऐका: हल्लीच्या पेट्या समान अंतराने स्वर लावलेल्या असतात, त्यामुळे सप्तकाचे १२०० सेंट धरले तर तो सुमारे १४ सेंट चढा असतो. एवढासा फरक ऐकू यायला लागला की कान जागा झाला असं समजा.

पुढचा अभ्यास घरातल्या कुणाला तरी बसवून करा. तंबोरा चालू ठेवून त्यांनी कुठलाही एक स्वर वाजवावा. तुम्ही तो आधी गा, मग नाव सांगा. मनातल्या मनात सा-रे-ग मोजत वर चढायचं नाही, ही माझ्याकडे सक्त मनाई आहे! प्रत्येक स्वराचं षड्जाशी (सा शी) जे नातं आहे तेच ओळखायचं: पंचम तंबोऱ्यात विरून जातो, कोमल रिषभ षड्जाला चिकटून ओढ लावतो, तीव्र मध्यमाला पंचमाकडे जायची घाई असते. आधी सा, ग, प एवढेच घ्या, मग एकेक वाढवा. जमलं की पट्टी, म्हणजे सा ची जागा, बदला. पेटीच्या काळी एकवर ओळखता येतं आणि काळी चारवर येत नाही, असं असेल तर तुम्ही अजून नातं नाही, नुसती उंची लक्षात ठेवताय.

आता भूप-देशकार. दोन्हींत सा रे ग प ध हेच स्वर, त्यामुळे कुठले स्वर लागले याची यादी करून उत्तर मिळणारच नाही. गाणारा कुठे थांबतो ते ऐका. भूपात आलाप फिरून फिरून गंधारावर विसावतो, धैवत त्याला साथ देतो आणि सगळी वस्ती पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात. देशकारात धैवत राजा: 'ग प ध, ध प' म्हणत गाणं वरच्या अंगातच राहतं आणि रिषभाला फारसं महत्त्व मिळत नाही. पहिली पाच मिनिटं स्वरांची नावं न घेता फक्त थांबण्याच्या जागा कागदावर टिपा.

हे पक्कं झालं की मारवा, पूरिया आणि सोहनी हे राग अशाच पद्धतीने ऐका. तिन्हींत कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम, पंचम नाहीच. मारवा मात्र शेवटी घ्या, कारण त्यात षड्ज इतका टाळला जातो की नवख्या कानाचा सा हलतो. ऐकताना स्वतःचा सा गुणगुणत राहिलात तर तो जागेवर राहील.