लकडी पुलात लाकूड का नाही? आणि पुण्यातले जुने पूल कुठून पाहावेत?

तुमचे दोन प्रश्न: लकडी पुलाला लकडी का म्हणतात, आणि एका दिवसात नदीवरचे कोणते पूल पाहावेत.

नारायण पेठेत आयुष्य गेलं, पण लकडी पुलावर मला लाकडाची ढलपीसुद्धा दिसलेली नाही. पहिला पूल खरंच लाकडी होता, १७६१ चा. पानिपताहून परतणाऱ्यांना लोकांच्या नजरा चुकवून गावात शिरता यावं म्हणून नानासाहेब पेशव्यांनी तो घाईनं बांधवला, असं आमची आजी सांगायची. ही दंतकथा समजा हवं तर. पुढे तो दगडी झाला, रुंद झाला, पाटीवर छत्रपती संभाजी महाराजांचं नाव आलं. रिक्षावाल्याला मात्र ‘लकडी पूल’च सांगा.

नावांचं इथे असंच आहे. ‘नवा पूल’ १९२३ चा, म्हणजे शंभरी ओलांडलेला! तेव्हा गव्हर्नर लॉईडचं नाव होतं, आता शिवाजी महाराजांचं.

पूल वरून पाहू नका, वरून फक्त ट्रॅफिक दिसतं. उन्हाळ्यात पात्रात उतरा आणि नव्या पुलाच्या कमानीखाली उभे राहा. कमानीचे दगड एकमेकांना रेटून धरतात आणि माथ्यावरचं ओझं दोन्ही बाजूंच्या खांबांवर उतरवतात. वरून बस गेली की ती याच दगडांमधून जमिनीला टेकते म्हणायची.

उलट भिडे पूल. तो बुडण्यासाठीच बांधलाय. इतका ठेंगणा की खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदी सरळ त्याच्यावरून जाते. पोलीस दोन्ही टोकांना बॅरिकेड लावतात आणि अख्खं पुणे शेजारच्या झेड ब्रिजवर उभं राहून फोटो काढतं. ‘भिडे पूल गेला का?’ हा आमच्याकडे पाऊस मोजायचा एकक आहे.

पण १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा उंच पुलांचीही गत तीच झाली. लकडी पूलही पाण्याखाली गेला होता. पेठांत जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठवर आलं होतं ते हात वर करून दाखवतील.

वेळ एकाच पुलाला असेल तर माझं मत बंडगार्डनच्या जुन्या पुलाला. खरं नाव फिट्झजेराल्ड पूल, तोही एका गव्हर्नरच्याच नावाचा. कॅप्टन सेलन नावाच्या लष्करी इंजिनिअरनं तो १८६० च्या दशकाच्या अखेरीला बांधला. मुळा आणि मुठा संगमाला एक होऊन इथे येतात, त्यामुळे पात्रही चांगलं रुंद. शेजारी नवे पूल झाल्यामुळे यावरून गाड्या जात नाहीत, निवांत चालता येतं. टोकाला दगडी सिंह आहेत, पंजाखाली गोळा घेऊन बसलेले. संध्याकाळी जा, आणि नदीचा वास येणार हे आधीच धरून चाला.