परदेशात राहून भारतातलं मूल दत्तक घेताना ‘मॅच’ होईपर्यंतचा, म्हणजे मूल ठरेपर्यंतचा काळ तुम्ही कसा काढलात?

‘सकाळी दात घासायच्या आधी मेल बघते’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले. मीही तेच करायचे. आपली रात्र म्हणजे भारतातला दिवस, म्हणून मी पहाटे तीनलाही उठून बघायचे.

तुम्ही लिहिलंय की दोघंही ओसीआय (मूळचे भारतीय, पण आता परदेशी पासपोर्ट), टेक्सासला राहता, कारामध्ये, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या भारत सरकारच्या संस्थेत, नोंदणी होऊन १४ महिने झाले, होम स्टडी (सोशल वर्करनं घरी येऊन केलेली तपासणी) मंजूर आहे आणि अजून एकही रेफरल, म्हणजे एखाद्या मुलाची माहिती पाठवून केलेली विचारणा, नाही. विचारलंय तीन गोष्टी: अजून किती थांबायचं, हा काळ काढायचा कसा, आणि मुलाची खोली आत्ताच तयार करावी का.

आमचा हिशोब सांगते. आम्ही मूळचे मिरजेचे, आता ओहायोत. नोंदणी नोव्हेंबर २०२१. मॅच ऑगस्ट २०२३. मुलगी घरी आली मे २०२४ मध्ये. म्हणजे २१ महिने मॅच व्हायला आणि नऊ महिने त्यानंतरचे. पण हा आकडा तुम्हाला लागू होईल असं समजू नका, कारण तुम्ही आणि मी एकाच रांगेत उभ्या नव्हतो. फॉर्मवर काय लिहिलं त्यावर रांग ठरते.

हे जरा सविस्तर सांगते, कारण एजन्सीवाले हे एकदाच, पहिल्या मीटिंगमध्ये, घाईघाईत सांगतात आणि तेव्हा आपलं लक्ष पाळण्याच्या रंगाकडे असतं. एनआरआय म्हणजे ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना भारतात राहणाऱ्या जोडप्यांच्या बरोबरीनं धरतात. आपण पासपोर्ट बदलला, आपला नंबर त्यांच्यानंतर. २०१५ च्या बालन्याय कायद्याचं कलम ५९ सरळ आहे: मूल दत्तक द्यायला कायद्यानं मोकळं झालं की आधी ६० दिवस त्याच्यासाठी भारतीय किंवा एनआरआय घर शोधायचं, नाही मिळालं तर मग परदेशी दत्तकाचा विचार. त्यातही अपंग मुलं, भावंडं आणि पाच वर्षांवरची मुलं यांना प्राधान्य. आता भारतातच हजारो जोडपी वर्षानुवर्षं थांबलेली असताना एखादं आठ महिन्यांचं ठणठणीत बाळ ६० दिवस कुणाला न मिळता राहील का? २०२४-२५ मध्ये एकूण ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातच. उरलेली ३६०, आणि ती सगळ्या जगभरात. मला हे अन्यायाचं वाटत नाही. मूल आपल्या भाषेत, आपल्या मातीत वाढू शकत असेल तर तिथंच वाढावं, मी रांगेत मागं राहिले तरी. (हे मी आज म्हणतेय. २०२२ मध्ये म्हटलं नसतं.)

वयाचंही एक गणित आहे. दोन वर्षांखालच्या मुलासाठी नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, दोन ते चार वर्षांसाठी ९०, चार ते आठसाठी १००. आमची बेरीज ८७ होती, आणि तान्ह्या बाळाचा विचार आम्ही फॉर्म भरतानाच सोडला. वय नोंदणीच्या तारखेचं धरतात, हे त्यातल्या त्यात बरं. नाहीतर दोघांची बेरीज वर्षाला दोननं पळते.

आम्ही वय २ ते ४ लिहिलं, मुलगा-मुलगी काहीही, राज्य कुठलंही, आणि आरोग्याच्या खाली ‘लहानसहान, उपचारानं बरे होणारे आजार’. आणि बसलो.

तो काळ कसा काढला? वाईट काढला, खरं सांगायचं तर. दर रविवारी मिरजेहून सासूबाईंचा फोन: “काय गं, काही कळलं का?” त्यांचा हेतू चांगला, पण दर रविवारी ‘नाही’ म्हणायचं म्हणजे दर आठवड्याला नापास झाल्याचं कळवल्यासारखं. शेवटी नवऱ्यानं सांगितलं, आई, कळलं की आम्हीच करू फोन, मंगळवार असला तरी. त्यानंतर त्या फोनवर फक्त भिशी आणि गुडघे. फार सुटल्यासारखं वाटलं.

दुसरा त्रास म्हणजे ओळखी. माझ्या मामांना काही केल्या पटत नव्हतं की पुण्यामुंबईत एवढ्या संस्था असताना आपल्याला कुणाची ओळख काढता येत नाही. त्यांच्या डोक्यात जुना काळ. ऑस्ट्रेलियाची क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ साली पुण्यात जन्मली आणि तिथल्या ‘श्रीवत्स’मधून दत्तक गेली, तेव्हा आईवडील स्वतः संस्थेत जाऊन मूल बघत. १९८४ च्या लक्ष्मीकांत पांडे खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परदेशी दत्तकाला पहिल्यांदा नियम घालून दिले, पुढे कारा आली, आता सगळं पोर्टलवर. एका दूरच्या नातेवाइकानं तर ‘एका नर्सिंग होममध्ये एक बाई आहे, बोलू का?’ असंही विचारलं. तुम्हालाही कुणीतरी विचारेल. फोन तिथंच ठेवा. बाहेरच्या बाहेर मूल घेणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्याहून वाईट म्हणजे त्या बाळाच्या आईनं खरंच सोडलं की तिच्याकडून काढून घेतलं, हे आपल्याला जन्मभर कळणार नाही.

मधल्या काळात अमेरिकेचे कागद शिळे होतात, याकडे लक्ष ठेवा. आय-८००ए, म्हणजे तुम्ही परदेशातून मूल दत्तक घ्यायला योग्य आहात असं ठरवणारा तिथल्या इमिग्रेशनचा फॉर्म, त्याची मंजुरी १५ महिन्यांची असते. आमची डिसेंबर २०२२ ला संपत होती. पुन्हा बोटांचे ठसे, पुन्हा सोशल वर्कर घरी. तिनं पुन्हा गरम पाण्याचं तापमान मोजलं, पुन्हा स्मोक अलार्मचं बटण दाबून बघितलं. मी म्हटलं, बाई, घर तेच आहे, आम्हीच काय ते म्हातारे झालोय. हसली ती, पण ते पण लिहून घेतलं असणार.

आता जे कुणी बोलत नाही ते सांगते.

जानेवारी २०२३ मध्ये आम्हाला पहिला रेफरल आला. शुक्रवारी संध्याकाळी. तीन वर्षांचा मुलगा, हृदयाला जन्मतः छिद्र. प्रोफाइल राखून ठेवायचं की नाही हे सांगायला ९६ तास. शनिवार-रविवार एजन्सीचा फोन बंद, डॉक्टरांचं क्लिनिक बंद. मी आणि नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती मेडिकल रिपोर्टची पानं पसरून बसलो. फोटोत त्याच्या शर्टाचं वरचं बटण चुकीच्या काजात गेलेलं होतं, कॉलर एका बाजूला वर. सोमवारी आंतरराष्ट्रीय दत्तकाच्या केसेस बघणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की रिपोर्टमध्ये लिहिलंय तेवढं हे साधं दिसत नाही, एकाहून जास्त ऑपरेशनं लागतील, आणि फुप्फुसांवर किती परिणाम झालाय ते इथून सांगता येणार नाही. नवरा हो म्हणत होता. नाही मी म्हटलं.

मंगळवारी मुदत संपली आणि प्रोफाइल आपोआप परत गेलं. कुणी रागावलं नाही. एजन्सीच्या बाईनं ‘तुम्ही प्रामाणिक निर्णय घेतला’ असं दोन ओळींचं मेल पाठवलं. त्याचं पुढं काय झालं ते आम्हाला सांगत नाहीत, आणि सांगू नये हेच बरोबर. त्याचं नाव मला अजून पाठ आहे. पुढचे दोन महिने आम्ही नवराबायको एकमेकांशी भाजी, बिलं आणि गाडीचं सर्व्हिसिंग एवढ्यावरच बोललो. माझ्या लेखी २१ महिन्यांतला सगळ्यात अवघड भाग हा. आधीचे रिकामे १४ महिने त्यापुढं काहीच नाहीत.

म्हणून तुम्हाला सांगते, रिकामा वेळ आहे तोवर ही कामं करून ठेवा: रिपोर्ट वाचून देणारा डॉक्टर आत्ताच शोधा, शनिवारी फोन घेईल का हेही विचारून ठेवा. आणि आरोग्याच्या यादीतला एकेक शब्द दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहा, हो, नाही, माहीत नाही, आणि मग कागद शेजारी ठेवा. आमची गडबड अशी की ‘लहानसहान’ या शब्दाचा माझा अर्थ आणि नवऱ्याचा अर्थ वेगळा होता, आणि ते आम्हाला ९६ तासांच्या आत कळलं.

मार्चमध्ये सोशल वर्कर आली. मी तिला म्हटलं, आता सगळ्याला हो लिही, मला थांबवत नाही. तिनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, थकल्यामुळे केलेली खूण मी लिहिणार नाही. मग तिनं एक वेगळाच प्रश्न विचारला: चार वर्षांनंतर काय होतं, तुम्ही तिथं का थांबलात? माझ्याकडे उत्तर नव्हतं. लहान मूल लवकर आपलं होतं, असं काहीतरी मी पुटपुटले. खरं म्हणजे मला कुणीतरी कडेवर घ्यायला हवं होतं. आम्ही महिनाभर बोललो, पाच-सहा वर्षांची मुलं असलेल्या दोन दत्तक कुटुंबांना भेटलो, आणि वयाची मर्यादा सहापर्यंत नेली. आरोग्याची यादी उलट थोडी कमी केली. त्यासाठी होम स्टडीत दुरुस्ती आणि इमिग्रेशनकडे पुन्हा फॉर्म, दोन-तीन महिने गेले.

ऑगस्टमध्ये ओडिशातून रेफरल आला. पाच वर्षांची मुलगी, दुभंगलेल्या ओठाचं आणि टाळूचं ऑपरेशन झालेलं, बोलणं थोडं नाकातून. या वेळी डॉक्टरांनी तिचा बोलतानाचा व्हिडिओ मागवला. त्यात संस्थेतली मावशी तिला काहीतरी विचारते, ती उत्तर देते, आणि मग कॅमेऱ्यामागच्या माणसाला स्वतःच उलट प्रश्न विचारते. डॉक्टर म्हणाले, स्पीच थेरपी लागेल, बाकी ही तुम्हाला बोलू देणार नाही.

तिच्या फाइलमध्ये वर्तमानपत्राच्या एका कात्रणाची झेरॉक्स आहे. टाकून दिलेलं बाळ सापडलं की आईवडिलांचा शोध घ्यायला अशी जाहिरात द्यावी लागते. काळपट चौकोनात एक बाळ, ओठाची चीर तेवढी दिसते. २०१८ चं आहे ते. त्याच वर्षी बालकल्याण समितीनं तिला दत्तकासाठी मोकळी ठरवलं. म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये मी नोंदणी केली तेव्हा ती आधीच तीन वर्षं थांबली होती, आणि तेव्हाच ती आमच्या २ ते ४ मध्ये बसत होती. तिच्या रिपोर्टमधलं निदान तेव्हा आमच्या ‘लहानसहान’मध्ये मोडलं नसेल, की आणखी कुठं काही अडलं, ते कुणी सांगू शकलं नाही. मी विचारलं होतं. आणि त्या वर्षांत किती घरांनी तिचा फोटो बघून, माझ्यासारखंच टेबलाशी बसून, नाही म्हटलं असेल, ते मी मोजत बसत नाही. त्यांच्यापैकी कुणावर मला रागही धरता येत नाही.

मॅच झाल्यावर थांबणं संपतं असं वाटत असेल तर तसं नाही. कागद स्वीकारायचे, इथं आय-८०० (ठरलेल्या मुलासाठीचा इमिग्रेशनचा फॉर्म), दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाचं पत्र, काराचं ना हरकत प्रमाणपत्र, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश (सप्टेंबर २०२२ पासून हे कोर्टाकडून त्यांच्याकडे गेलंय), पासपोर्ट, व्हिसा. तेव्हा हातात फोटो असतो आणि करता काहीच येत नाही. मी त्या नऊ महिन्यांत ऑफिसमधल्या एका ओडिया मुलीकडून रोज जेवणाच्या सुट्टीत चार-चार शब्द शिकले. ती पहिल्या दिवशी म्हणाली पाणि, भात, नाहिं, माउसी. मी म्हटलं, अगं हे तर आमचंच. त्यांच्याकडेही ण आणि ळ आहे, पखाळ (पाण्यात भिजवलेला भात) म्हणताना तो ळ मला एका झटक्यात जमला, तर तिला कोण आनंद. वाट बघताना काहीतरी करावंसं वाटत असेल तर हे करा, पण मॅच झाल्यावर. आधी कुठली भाषा शिकणार? आम्ही तर आधीच्या वर्षी मराठी बडबडगीतांचा ढीग आणून ठेवला होता.

खोलीचं म्हणाल तर रंग द्यायचा असेल तर द्या, कपडे घेऊ नका. मी दोन वर्षांच्या मापाचे फ्रॉक घेतले होते, ते शेजारणीच्या नातीला गेले. पलंगही आणला होता. ती आल्यावर पहिल्या रात्री दार बंद करून एकटीनं झोपायचं म्हटल्यावर तिनं अशी नजर टाकली की आम्ही आमच्या खोलीत जमिनीवर गादी घातली, तिघांची. संस्थेत ती सहा मुलींच्या ओळीत झोपायची. पलंगाचा खोका पाच महिने भिंतीला टेकून उभा होता, आणि ती त्याच्यावर पेननं चित्रं काढायची.