बोजोले-विलाजसोबत जेवायला काय करावं?

फ्रान्समध्ये, ल्योंमध्ये नवीन आहात, शनिवारी ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावलंय, सात युरोंची बोजोले-विलाज ही रेड वाईन आणलीय. तिच्यासोबत काय करू, मासे चालतील का, आणि वाईन फार साधी तर वाटणार नाही ना, असं तुम्ही विचारलंय. त्या शेवटच्या प्रश्नासाठी मी लिहायला बसले. साधी वाटू दे. ती रोजच्या जेवणाचीच वाईन आहे आणि त्यात काहीही कमीपणा नाही.

पाहुणे यायच्या अर्धा तास आधी मात्र बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

हे मला खालच्या मजल्यावरच्या मादामनी शिकवलं. त्या बादलीभर गार पाण्यात बाटली बुडवायच्या, वीस मिनिटांनी काढून फडक्याने पुसायच्या आणि गालाला लावून बघायच्या. गार लागली पण अंगावर काटा आला नाही, की झालं. साधारण तेरा-चौदा अंश.

सहा वर्षांपूर्वी ऑगस्टात माझे थोरले दीर जर्मनीहून आले. आमचं घर छपराखालचं, आत २९ अंश. आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला घालून मी कोंबडीचा रस्सा केला होता. मी फ्रिजमधून बोजोले काढली तर दादा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘रेड वाईन कुणी फ्रिजात ठेवतं का? सरबत आहे का ते?’’ आणि स्वतः आणलेली भारी बोर्दो उघडली. नवरा गप्प. ती बोर्दो १४ टक्क्यांची, तुरट आणि घरातल्या उकाड्याने कोमट झालेली. रश्श्याच्या घासावर एक घोट घेतला आणि जीभ कोरडी ठाक, वर तिखट दुप्पट चढलेलं. दादांनी दोनदा पाणी मागितलं. माझी बाटली संपली, त्यांची अर्ध्याहून जास्त उरली. तरी जाताना म्हणाले काय, तर मसाला जरा जास्त झाला होता. मसाला बरोबर होता.

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द जुन्या दगडी घरांचा आहे, जिथे खोलीच सोळा-सतरा अंशांची असायची. आणि बोजोलेचं द्राक्ष गामे. घड न कुस्करता अख्खेच टाकीत जातात, आंबायला सुरुवात दाण्याच्या आतच होते, म्हणून सालीचा तुरटपणा वाईनमध्ये फारसा उतरत नाही. तुरटपणा कमी, म्हणून गार चालते आणि मसाल्याशी भांडत नाही. या गामेला बर्गंडीच्या ड्यूकने १३९५ साली हलकं ठरवून आपल्या मुलखातून हद्दपार केलं होतं. म्हणजे दादांसारखी माणसं तेव्हाही होती.

तुमच्या ल्योंमधल्याच कुठल्याही बुशोंमध्ये, म्हणजे तिथल्या पारंपरिक साध्या खानावळीत, जाऊन बघा. जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीत, तिला ‘पो’ म्हणतात, हीच वाईन येते, आणि सोबत गरम सॉसेज नि उकडलेले बटाटे. म्हणून म्हणते, मोहरीच्या फोडणीची बटाट्याची भाजी आणि गोड्या मसाल्यातली भरली वांगी नाहीतर चिकन करा. दाण्याचं कूट आणि ही वाईन यांचं छान जमतं.

मासे करायचेच तर पांढरा, कमी तेलाचा मासा घ्या. इथे बांगड्यासारखा माकरो मिळतो, तो नको. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात उग्र वास राहतो, गार केली तरी.

पाच माणसांना एक बाटली पुरणार नाही, दोन आणा. तिखट नेहमीपेक्षा थोडं कमी घाला, कारण गार वाईनलाही मर्यादा आहे. आणि कुणी मोर्गों किंवा मूलँ-आ-व्हाँ घेऊन आलं तर ती इतकी गार करू नका, त्या बोजोलेतल्याच असल्या तरी अंगाने जड असतात.

दादा या दिवाळीला येणार आहेत. रस्साच करणार आहे, मसालाही तेवढाच.