पार्करांची वंशावळ लावताना

सिंथिया पार्करची वंशावळ लावायला सुरुवात तिच्या माहेरच्या पार्कर घराण्यापासून करताय, तर १८४० च्या अमेरिकन जनगणनेत त्यांना टेक्ससमध्ये शोधू नका. टेक्सस तेव्हा वेगळा देश होता. १८३० साठी इलिनॉय बघा, पण तिथेही नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बायकामुलं नुसती आकड्यांत. नावं १८५० पासून.

१९ मे १८३६ ला टेक्ससमधल्या फोर्ट पार्कर या पार्करांच्या तटबंदी वस्तीवर हल्ला झाला आणि नऊएक वर्षांची सिंथिया अ‍ॅन कोमांची या मूळ अमेरिकन जमातीच्या हाती गेली. डिसेंबर १८६० मध्ये तिला ‘सोडवलं’, असं लिहितात. मला तो शब्द फार खटकतो. कडेवर तान्ही लेक होती, मुलगा क्वाना मागेच राहिला, आणि ती परत जायला धडपडत राहिली. तिचं सासर कोमांची होतं. नवरा पेटा नोकोना, मुलगा क्वाना यांना तळटीपेत ढकलू नका. मुख्य तक्त्यातच घ्या.