‘डीजे लावला’ : कुठे, कशाला?

प्रश्न असा : ‘जुन्या धाटणीचं रेव्ह संगीत वाजवायला शिकतोय. या कामाला मराठीत काय म्हणू? "डीजे लावतो" म्हटलं की लोक मिरवणुकीचे दर विचारतात.’

विचारणारच. मुळात डीजे म्हणजे डिस्क जॉकी, संगीत वाजवणारा माणूस. आपल्याकडे मात्र डीजे म्हणजे ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत. ती ‘लावतात’ आणि पोलीस ती ‘जप्त करतात’. डबा लावतात, शिकवणी लावतात, तसा माणूसही लावता येतो, असा एक बचाव असतो. पण लावलेला डबा कुणी ठाण्यात नेऊन ठेवत नाही. कोल्हापूर-सांगलीकडे त्याच भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात, हा तर कहर. रे डॉल्बींचं नाव झालं ते टेपवरची खरखर कमी केल्याबद्दल!

‘रेव्ह’चं, म्हणजे रात्रभर चालणाऱ्या नाचाच्या पार्ट्यांचं, थोडक्यात. या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ तापात बरळणं. आपल्या बातम्यांत मात्र फार्महाऊसवर धाड पडली की ती रेव्ह पार्टी, मग तिथे लावण्या का वाजत असेनात. ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्याने कलम ६३ मध्ये या संगीताची ओळख ‘एकामागून एक पुन्हा पुन्हा येणारे ठोके’ अशी दिली. त्यात नाशिक ढोलही बसेल.

खरी गंमत ‘डी’मध्ये आहे. डिस्क म्हणजे ग्रीक ‘डिस्कोस’, फेकायची थाळी. लॅटिनमार्गे तिच्याच पोटी इंग्रजीत डिश आली, डेस्क आलं. आणि आपली तबकडी? ओवाळायचं असतं ते तबक, अरबी ‘तबक़’, म्हणजे ताटच. त्याला धाकुटेपणाचा ‘-डी’ लागला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता या वस्तूचं बारसं ताटावरूनच केलं! काही जाणकार तबकडीचं नातं तबल्याशी लावतात. त्यांनी शेवटचं व्यंजन ऐकावं. तबल्याचं मूळ ‘तब्ल’, तबकात ‘क़’. अरबीत व्यंजन बदललं की धातूच बदलला. नुसत्या कानाने सोयरिक जुळवायची तर तबेल्यालाही घरात घ्या, जॉकीची सोय होईल. (जॉकी म्हणजे ‘जॉक’चं लाडकं रूप, आपल्या गण्यासारखं.)

आणि ही तबकडी बसते तीही ताटावरच. टर्नटेबलचं फिरतं ताट, त्यावर फेल्टची चकती, तिच्यावर तबकडी. बोटाने तबकडी अडवली तरी ताट खाली फिरत राहायला हवं. फेल्टऐवजी रबराची चकती असेल तर ती तबकडीला धरून बसते, ताटही रखडतं आणि सोडल्यावर पहिला ठोका ओढल्यासारखा येतो. १९७९ च्या टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ या टर्नटेबलवर वेग अधिक-उणे ८ टक्केच बदलतो. त्यामुळे मिनिटाला १२५ ठोक्यांच्या हाऊस या नाचाच्या संगीतावरून १४५ च्या हार्डकोर या वेगवान प्रकारावर उडी मारली की फसते : पहिली तबकडी फार तर १३५ पर्यंत चढते, दुसरी साधारण १३३ पर्यंत उतरते. गाठ पडते खरी, पण एकीकडे गायिका किनरी झालेली, दुसरीकडे बेस चिखलात रुतलेला. मध्ये १३५ ची एखादी तबकडी घालावी.

दोन ब्रेकबीट (जुन्या गाण्यांतून उचललेले ड्रमचे तुकडे) एकावर एक चढवताना आणखी एक घोळ होतो. हे तुकडे मुळात हाताने वाजवलेले. ड्रमर जी. सी. कोलमनने १९६९ मध्ये वाजवलेला प्रसिद्ध ‘अमेन’ ब्रेक चारच बारचा, म्हणजे चार आवर्तनांचा, पण त्यातले ठोके यंत्रासारखे समान अंतरावर नाहीत. वेग जुळूनही दोन तबकड्यांवरचे स्नेअर ड्रमचे ठोके ‘टक्’ न होता ‘तर्रक्’ होतात. नवशिके इथे टर्नटेबलवरच्या वेग बदलायच्या सरकपट्टीला हात घालतात आणि जुळलेलंही घालवतात. पट्टी सोडावी, मिक्सरवर (दोन तबकड्यांचे आवाज मिसळणाऱ्या यंत्रावर) एका तबकडीचा मधला आणि वरचा आवाज उतरवावा.

हां, प्रश्न. ‘तबकड्या वाजवतो’ म्हणा. ‘लावणं’ भिंतवाल्यांना राहू दे.