आईचं आजारपणच तेवढं आठवतंय

मागच्या आठवड्यात इचलकरंजीहून एका गृहस्थांनी लिहिलं: "मॅडम, आई जाऊन चार महिने झाले. डोळे मिटले की आयसीयूतली आई दिसते. नाकात नळी, सुजलेले हात. पन्नास वर्षं तिच्या हातचं खाल्लं, तिच्याशी भांडलो, तिला स्कूटरवर मागे बसवून बाजारात नेलं. त्यातलं काही म्हणजे काही डोळ्यांसमोर येत नाही. मी तिला विसरलो का?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर तोंडपाठ असायला हवं. पण दर वेळी मला एकच बाई आठवते आणि मी तिचीच गोष्ट सांगायला लागते. तिची परवानगी घेऊन, ओळख पटेल असे तपशील बदलून आज ती लिहूनच काढते.

मी कॅनडात, अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनमध्ये काम करते. घरातलं माणूस गेलेले लोक माझ्याकडे येतात. या शहरात राहायचं तर युक्रेनशी ओळख होतेच. आजच्या पश्चिम युक्रेनमधले, तेव्हाच्या गॅलिशियातले शेतकरी 1891 पासून कॅनडात येऊ लागले. 10 डॉलर फी भरायची, 160 एकर जमीन घ्यायची आणि झाडी तोडून गहू पेरायचा, असा तो काळ. शहरापासून तासाभरावर व्हेग्रेव्हिल गावात त्यांच्या ईस्टरच्या रंगीत अंड्याची अवाढव्य प्रतिकृती आहे, 1975 सालची; वाऱ्याबरोबर फिरते. भारतातून पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेते.

ती बाई आली तो फेब्रुवारी होता, बाहेर उणे पंचवीस. वय 62, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेली. आई 93व्या वर्षी गेली होती आणि पंचविसावा दिवस होता. युक्रेनियन ऑर्थोडॉक्स लोकांत चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये प्रार्थना असते, तिला ते पानाखिदा म्हणतात. मग हॉलमध्ये जेवण. त्या जेवणानंतर मुलीने आईबद्दल चार शब्द बोलायचे होते.

"माझ्याकडे चार शब्दच नाहीत," ती म्हणाली. "मला फक्त नर्सिंग होममधली मामा दिसते."

(युक्रेनियनमध्ये आई म्हणजे 'मामा' आणि आजी म्हणजे 'बाबा'. पहिल्या वर्षी मराठी कानांनी माझी फार फजिती केली. एक माणूस 'बाबाने मला न्हाऊ घातलं' म्हणून रडत होता आणि मी मनात भलतंच चित्र रंगवत होते.)

आईला स्मृतिभ्रंश झाला होता. शेवटच्या दोन वर्षांत इंग्रजी गेलं. मागाहून शिकलेली भाषा बऱ्याचदा आधी जाते. उरली ती लहानपणीची युक्रेनियन, आणि मुलीला ती कळायची स्वयंपाकघरापुरती: ये, बस, खा, मीठ दे, दार लाव. त्यापलीकडे आई तासन्‌तास काहीतरी सांगत असे आणि ही मान डोलवत असे. आई ताटातला पाव पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून उशीखाली ठेवायची. तिथे मुंग्या झाल्या. एके दिवशी मुलगी ओरडली आणि सगळे तुकडे कचऱ्यात टाकले. त्यानंतर तीन आठवड्यांनी आई गेली.

इथे मी चूक केली. आई सोव्हिएत युक्रेनमधल्या पोल्तावा भागातली, जन्म 1925चा, हे तिने आधीच सांगितलं होतं. माझ्या डोक्यात लगेच गणित जुळलं. 1932-33चा होलोदोमोर, स्टालिनच्या राजवटीत धान्य हिसकावून नेल्यामुळे पडलेला दुष्काळ, ज्यात लाखो माणसं मेली; तेव्हा ही आठ वर्षांची. त्याचं स्मारक आमच्या शहरात सिटी हॉलजवळ 1983 पासून आहे, मी रोज त्याच्यावरून जाते. मी शहाणपणाने म्हटलं, "तो पाव म्हणजे कदाचित 1933 सालची भूक असेल."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मला माहीत आहे ते. आमच्या घरात पाव टाकलेला मी कधी पाहिला नाही, हे काय मला कळत नव्हतं? पण ती 1933 नव्हती. ती माझी आई होती."

मी माफी मागितली. वाचलेला इतिहास आणि समोरचं माणूस यांची इतक्या घाईने गाठ मारायची नसते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते आणि स्वतः विसरते.

पुढच्या भेटीला ती बुटांच्या खोक्यात आईचे कागद घेऊन आली. मृत्यूची बातमी छापायला द्यायची होती आणि जन्मस्थळाशीच अडलं होतं. आई आयुष्यभर पोल्तावा म्हणायची, कागदावर गॅलिशियातलं एक गाव. "म्हणजे माझी आई कोण, हेही मला ठाऊक नाही?"

याचं उत्तर मात्र इतिहासात होतं, आणि या वेळी मी आधी विचारलं, सांगू का म्हणून. 1942 मध्ये जर्मनांनी सतरा वर्षांच्या या मुलीला मजुरीसाठी नेलं होतं. अशा लाखो मजुरांना 'ओस्टआर्बाइटर', म्हणजे पूर्वेकडचे मजूर, म्हणत, छातीवर 'ओस्ट' लिहिलेला बिल्ला लावायची सक्ती असे. युद्ध संपलं तेव्हा मित्रराष्ट्रांनी याल्टा इथे केलेल्या करारामुळे सोव्हिएत नागरिकांना परत पाठवणं सुरू झालं, इच्छा असो वा नसो. गॅलिशिया 1939 पर्यंत पोलंडमध्ये होता, तिथल्या माणसांवर ती सक्ती नव्हती. मग निर्वासित छावण्यांतल्या पूर्वेकडच्या अनेकांनी आपलं गाव बदललं. ज्या गावाचं नाव ही मुलगी सांगत होती ते तिने बहुधा पाहिलंही नसेल, पण त्या नावामुळे ती 1948 साली जहाजाने हॅलिफॅक्सला उतरू शकली. एक वर्ष घरकाम करण्याचा करार, मग रुग्णालयाच्या धुलाईघरात अठ्ठावीस वर्षं. इथल्या जुन्या शेतकरी युक्रेनियनांनीही अशा लोकांना सहज आपलं म्हटलं नाही. 'डीपी', म्हणजे छावणीतून आलेले विस्थापित, ही शिवी होती.

ती बराच वेळ कागद हातात धरून बसली. मग हसली. "खोटं बोललेलं तिला अजिबात चालायचं नाही. मला एकदा शेजारच्या बागेतल्या रासबेरीवरून मारलं होतं तिने."

ही पहिली आठवण. ती माझ्या विचारण्यातून आली नव्हती.

आता इचलकरंजीच्या प्रश्नाकडे येते. शेवटचे महिने आपण फार जागे असतो. प्रत्येक श्वास मोजतो, डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे बघतो, सह्या करतो, रात्र-रात्र बाकड्यावर काढतो. भीतीच्या भरात पाहिलेलं खोल उमटतं आणि बोलावल्याशिवाय वर येतं. स्कूटरवरून बाजारात जाताना तुम्ही आईकडे असं डोळ्यांत प्राण आणून पाहिलं नव्हतं, तशी गरजच नव्हती. ते दिवस आत आहेत, पण 'चला, चांगलं काहीतरी आठवू' म्हणून बसलं की येत नाहीत. ते वासाने येतात, हाताच्या सवयीने येतात, दुसऱ्या कुणाच्या बोलण्यातून येतात. आणि 'वाईट आठवू नकोस, देवमाणूस होती' असं चुलत्या-मावश्यांनी दर दोन मिनिटांनी म्हटलं की तेवढेही येत नाहीत, कारण देवमाणूस स्कूटरवर बसत नाही.

म्हणून मी तिला भाषण लिहायला सांगितलं नाही. विचारलं, "मंगळवारी सकाळी आईचे हात काय करत असायचे?"

"मंगळवारी? चर्चच्या तळघरात पिरोगी करायला जायची."

वारेनिकी, ज्यांना कॅनडात सगळे पिरोगी म्हणतात. आपल्या करंजीची उकडलेली बहीण समजा. मैद्याची पारी, आत बटाटा आणि चीज किंवा आंबवलेली कोबी, कडा दाबून बंद करायच्या आणि उकळत्या पाण्यात सोडायच्या. इथल्या अनेक युक्रेनियन चर्चमध्ये म्हाताऱ्या बायका जमून त्या डझनांच्या हिशेबाने करतात, विकतात आणि त्यातून छप्पर, बॉयलर वगैरे दुरुस्त होतं. मी म्हटलं, जा एकदा. बोलू नका काही, नुसत्या मुरड घाला.

ती गेली. परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन.

"तुम्हाला माहितीये, माझी आई पिरोगी करण्यात भिकार होती!"

झालं असं की तिने पहिल्या दहा केल्या आणि शेजारची ऐंशीची बाई ओरडली, "अगं, ही तर आईसारखीच जाड मुरड घालते!" मग सगळं टेबल सुटलं. आईची कड इतकी जाड की मधलं शिजून फुटायला यायचं तरी कड कच्ची. तिला सांगायची कुणाची छाती नव्हती. ती चहाला उठली की दोघीजणी तिचा ट्रे ओढून सगळ्या कडा पुन्हा दाबून पातळ करायच्या. तीस वर्षं. आणि आई दर नाताळात सांगत फिरायची की माझी एकही पिरोगी आजवर फुटलेली नाही.

ती हसता-हसता रडली. बंद डोळ्यांसमोर त्या दिवशी पहिल्यांदा दुसरी आई आली: पिठाचा हात कमरेवर, तोंडाने धुसफूस. त्या बायकांनी बाकीचंही सांगितलं. नणंदेशी अकरा वर्षं बोलली नाही ते एका कढईवरून. पन्नाशीला गाडी शिकली आणि पहिल्याच आठवड्यात गॅरेजचं दार तोडलं. ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आत लसूण लावायचा म्हणून धुलाईघरातून रजा घ्यायची.

कड जाड का, याचा एक अर्थ मला त्या क्षणी सुचत होता. मी गप्प बसले.

पावाचं मात्र तिला बोचतच राहिलं. ती बोच मी काढायचा प्रयत्न केला नाही. थकलेल्या मुलीने मुंग्या झालेला पाव टाकला, ही गोष्ट आईच्या आयुष्यात होती आणि राहील. फक्त ती एकटी उरली नाही, शेजारी गॅरेजचं दार आलं, कढई आली.

चाळिसाव्या दिवशी ती साडेचार मिनिटं बोलली, मुरडीवर. हॉल हसला म्हणे. बातमीत जन्मस्थळ 'युक्रेन' एवढंच छापलं. दोन दिवसांनी ती माझ्यासाठी डब्यात कोलिवो घेऊन आली: शिजवलेला अख्खा गहू, मध, बेदाणे. मृतांच्या प्रार्थनेला ते करतात. गूळ आणि खोबरं घातलं असतं तर आमच्याकडची गव्हाची खीर झाली असती. ती म्हणाली, पानाखिदाच्या शेवटी सगळे 'विचना पाम्यत' गातात, म्हणजे चिरंतन स्मृती. तिला ते शब्द लहानपणापासून छातीवर दगडासारखे वाटत, आपण कायम लक्षात ठेवलं पाहिजे म्हणून. या वेळी तिने धर्मगुरूंना विचारलं. ते म्हणाले, ही विनवणी देवाला आहे, त्याने लक्षात ठेवावं म्हणून. तू विसरलीस तरी चालेल.

"इतकी वर्षं हे मला कुणी का सांगितलं नाही?" ती वैतागून म्हणाली.

तर इचलकरंजीच्या दादा, चार महिने फार नाहीत. पण वर्ष उलटलं तरी रोजचं काम होत नसेल, झोप-जेवण जागेवर नसेल, सतत स्वतःला दोष देत असाल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. आणि जगू नये असं वाटायला लागलं तर एक दिवसही थांबू नका; टेलि-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. तसं नसेल तर आईच्या भिशीतल्या, भजनातल्या किंवा भाजीबाजारातल्या बाईकडे जाऊन बसा. तिला आईचं कौतुक विचारू नका. आई कशावरून भांडायची, ते विचारा.

ती बाई त्यानंतर आणखी दोनदाच आली. शेवटच्या भेटीत म्हणाली, "काल मामा स्वप्नात आली होती. नर्सिंग होममधली नाही, चाळिशीतली. खूप बोलली, सगळं युक्रेनियनमध्ये."

"काय म्हणाली?"

"एक अक्षर कळलं नाही. पण सूर ओळखीचा होता. बहुतेक मी काहीतरी चुकीच्या कपाटात ठेवलं होतं."